आतून लागणारी कडी

प्रभादेवी, मुंबई
मंगळवार

चि. बाळास,


तुझं पत्र आणि सोबतची तुझ्या गावच्या हॉस्पिटलातल्या नर्सभरतीची जाहिरात मिळून दहा दिवस झाले. परळच्या नर्सिंग हॉस्टेलांत ती लावून ये, ओळखीच्या मेट्रनच्या हातात दे, असं तू लिहिलंस. मी ती अजून कुठेही लावलेली नाही. एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतल्यापासून इथून परळला जायला मोठा वळसा पडतो हे खरं, पण ते कारण नाही. जाहिरात वाचली आणि मला माझं १९८१ साल आठवलं. त्या दिवसापासून मनात तेच चाललं आहे, म्हणून आधी हे पत्र.

तू लिहितोस की दोन वर्षांत तीन सिस्टर सोडून गेल्या, आणि आजकालच्या मुलींना गावात राहायलाच नको असतं. बाळा, हे वाक्य मी १९८१ मध्येही ऐकलं आहे. माझ्याबद्दलच ऐकलं आहे. तुला ही गोष्ट घरात कोणी सांगितली नसेल, कारण मीच कधी सांगितली नाही. सगळ्यांना वाटतं की आत्याला मुंबईची नोकरी मिळाली म्हणून ती गावची सोडून आली.

रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला, तेच ते वर्ष. मी एकवीस वर्षांची, नुकती एएनएम नर्स झालेली. तुझे आजोबा तेव्हा गिरणीत होते. त्यांनी मला दादरहून एसटीत बसवून दिलं, सोबत पत्र्याची ट्रंक आणि स्टोव्ह. माझं आरोग्य उपकेंद्र म्हणजे तिथल्या एका वाडीच्या टोकाला दोन खोल्या. पुढच्या खोलीत तपासणीचं टेबल, मागच्या खोलीत मी. मागच्या दाराला कडी होती, पण चौकट वाळवीने खाल्लेली, कोयंड्याचे स्क्रू बोटाने निघायचे. मी दोनदा लिहून दिलं. सुतार मिळत नाही, असं उत्तर आलं. मग मी रोज रात्री दाराला आतून पाटा लावायची आणि पाट्यावर भरलेली कळशी ठेवायची. दार ढकललं गेलं तर कळशी पडेल आणि मला जाग येईल, एवढीच त्यातली युक्ती.

आषाढात एका रात्री कोणीतरी हाक मारली. बाई अडलीय, सिस्टर, लवकर चला. मी कळशी उतरवली, पाटा सरकवला, दार उघडलं. बाई वगैरे कोणी नव्हती. प्यालेला एक माणूस होता आणि तो आत आला. मी ओरडले. समोरच्या घरातली म्हातारी कंदील घेऊन धावत आली म्हणून पुढचं टळलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीने, आणि वरून आलेल्या माणसानेही, मला एकच प्रश्न विचारला: रात्री दार का उघडलंस?

पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तशीच हाक आली. तेच शब्द. मी पाट्याला पाठ लावून बसले आणि उघडलं नाही. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग बाईच्या कण्हण्याचा आवाज आला आणि माझे हात गार पडले. दार उघडलं तेव्हा ती पडवीत गोणपाटावर होती आणि मुलाचं डोकं बाहेर आलं होतं. मूल जगलं, बाई जगली. पण त्यानंतर 'आपली सिस्टर दार उघडत नाही' हे माझं नाव झालं. उघडलं तर का उघडलं, नाही उघडलं तर का नाही. दिवाळीला मुंबईला आले ती परत गेलेच नाही. पुढे जीएनएमचं नर्सिंग केलं, पालिकेत लागले, परिसेविका म्हणून निवृत्त झाले. त्या गावच्या लोकांनी मला तांदूळ दिले, कोकम दिलं, ताप आला तेव्हा पेज करून आणली. गाव वाईट नव्हतं. एक सुतार बोलावायचं कोणाच्या मनात आलं नाही.

आता तुझी जाहिरात समोर घेते.

'राहण्याची सोय आहे.' कसली सोय ते लिही. मागच्या वेळी आले होते तेव्हा तू मला हॉस्पिटलच्या मागची खोली दाखवली होतीस. खोली चांगली आहे, पण संडास बाहेर, अंगणापलीकडे, आणि वाटेत दिवा नाही. रात्रपाळी संपवून आलेली मुलगी अंधारात तिकडे जाईल का? ती पाणीच कमी पिईल. मग लघवीची जळजळ, मग ताप, मग रजा, आणि तू म्हणशील की या मुली सारख्या रजा घेतात. कपडे बदलायला जागा कुठे आहे? एक्स-रेच्या खोलीत? १९७३ मध्ये केईएम रुग्णालयातली नर्स अरुणा शानबाग ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली आणि तिथे तिच्यावर हल्ला झाला. त्यानंतर ४२ वर्षं तिथल्या सिस्टरांनी तिला सांभाळलं. तो हल्ला मुंबईच्या मधोमध झाला. त्यामुळे गावात आमची मुलगी सुरक्षित राहील का, असं एखादी आई विचारेल तेव्हा आपलं गाव किती चांगलं आहे ते तिला सांगत बसू नकोस. खोली दाखव, दिवा दाखव, आतून लागणारी कडी दाखव.

'स्टाफ नर्स, ४ जागा.' इथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. तुझ्या वीस खाटा. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. चौघी आठवड्याला सहा-सहा पाळ्या करतील, म्हणजे चोवीस. याचा अर्थ प्रत्येक पाळीला एकटी सिस्टर, आणि एक आजारी पडली की दुसरीला सलग दोन पाळ्या. रात्री लेबर रूममध्ये एक बाई असताना वॉर्डात सलाईन संपलं तर ती कोणाकडे जाणार? तुला दर पाळीला दोघी हव्यात. त्या बेचाळीस पाळ्या झाल्या, म्हणजे सात जणी. रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी इंडियन नर्सिंग कौन्सिल तीस टक्के जादा धरायला सांगते. नऊ झाल्या. नऊ परवडत नसतील तर खाटा बारा कर. मी हे मनापासून सांगते आहे. वीस खाटांची पाटी लावून चौघींच्या जिवावर हॉस्पिटल चालवणं मला मान्य नाही, आणि ते चालणारही नाही. तुझ्याकडे सिस्टर टिकत नाहीत त्याचं मोठं कारण याच पाळ्या, असं माझं ठाम मत आहे. एकटीने काढलेली रात्र माणसाला आतून खाते. उद्या काही चुकलं तर मी बरोबर केलं होतं हे सांगायला दुसरं कोणी नसतं.

'पगार योग्यतेनुसार.' हे वाक्य काढून आकडा लिही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. तिने खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगाराच्या शिफारशी केल्या. दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, आणि पन्नासहून कमी खाटा असतील तरी महिना २०,००० रुपयांच्या खाली नाही. हे २०१६ चे रुपये. आज तू बारा हजार देतोस, आणि तेही कधी दहा तारखेला, कधी अठराला. पगार थोडा कमी असला तरी मुलगी वर्षभर थांबते, पण तारीख हलली की तिचं गावाकडे जाणारं मनीऑर्डरचं गणित कोलमडतं. आता मनीऑर्डर कोणी करत नाही, फोनवरून पैसे जातात, पण वाट पाहणारी आई तीच असते. सात तारीख म्हणजे सात तारीख. आणि पीएफ सुरू कर. वीस माणसं नसली तरी स्वेच्छेने करता येतो, तुझ्या हिशेबनिसाला विचार.

तिघींतली एक सरकारी भरती निघाली म्हणून गेली, याचं तुला फार वाईट वाटलेलं दिसतं. तिला बोल लावू नकोस. सरकारच आज तिच्यासारख्या हजारोंना अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर घेतं. मे २०२२ मध्ये राज्यभरच्या परिचारिका संपावर गेल्या त्या बाहेरच्या कंपनीकडून होणाऱ्या कंत्राटी भरतीच्या विरोधात. ज्या धंद्यात कायम नोकरी इतकी दुर्मिळ झाली आहे, तिथे ती समोर आल्यावर कोण सोडेल? तू आणि मी तरी सोडली असती का?

आता 'तीन वर्षांचा बाँड' आणि 'मूळ प्रमाणपत्रे जमा करावी लागतील'. या दोन ओळींवर मी काट मारली आहे. मूळ प्रमाणपत्र अडकवून ठेवणं म्हणजे माणूस गहाण ठेवणं. २०११ मध्ये मुंबईतल्या खासगी रुग्णालयांतल्या मुली याच बाँडच्या विरोधात रस्त्यावर उतरल्या होत्या. अडकवून ठेवलेली सिस्टर हातांनी काम करते, पण पेशंटच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष नसतं, आणि नर्सिंग तर सगळं त्या चेहऱ्याकडे बघण्यातच आहे. श्वास कसा चालला आहे, ओठ कुठल्या रंगाचे आहेत, हे बाँडमध्ये लिहून घेता येत नाही.

'अविवाहितांना प्राधान्य.' हे तुला कोणी सुचवलं? लग्न झालेली बाई रजा मागते म्हणून? अरे, अविवाहित मुलगी तुझ्याकडे लग्न होईपर्यंतच असते. आपल्याकडे मुलगी लग्न होऊन जाते आणि सून येते. तुला टिकणारी सिस्टर हवी असेल तर पंचक्रोशीतल्या सुना शोध. मुंबईत, ठाण्यात, विरारला जीएनएम झालेल्या आणि आपल्या भागातल्या मुलाशी लग्न झालेल्या कितीतरी जणी आहेत. नालासोपाऱ्याच्या भाड्याला आणि लोकलला कंटाळून गावचं घर आठवत असलेल्या. त्यांना विचारताना नवऱ्याचंही विचार. तो तुझ्या अँब्युलन्सवर बसू शकेल का, लॅबमध्ये शिकू शकेल का, एसटी डेपोत किंवा काजूच्या कारखान्यात त्याला कुठे काम लागेल. नवरा चिंचपोकळीला आणि बायको गावी, असं दोन वर्षं चालतं. तिसऱ्या वर्षी ती तुतारी एक्स्प्रेसचं परतीचं तिकीट काढत नाही. आणि मूल असेल तर शाळा आणि पाळणाघर. हॉस्पिटलातली एक खोली त्यासाठी दे, गावातली एखादी मावशी ठेव.

आपल्या मुलखातलीच माणसं टिकतात, हे मी एकटी म्हणत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा त्यांनीही आधी शिकलेल्या नर्सेस खेड्यांत राहायला पाठवून पाहिल्या. बाहेरून आलेल्या तरुण मुली, गावात ओळख नाही, रात्री भीती. माझीच गोष्ट. आरोळ्यांनी मुलींना दोष दिला नाही, रीत बदलली. गावांनी आपल्यातल्याच बायका निवडून द्याव्यात असं ठरलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. त्यांना जामखेडला बोलावून शिकवलं, आणि नर्सेस गाडीने पथकाबरोबर गावोगाव जाऊन त्यांच्या पाठीशी उभ्या राहू लागल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूत बायकांनी ३९ गावांत घरोघर नवजात बाळं सांभाळली आणि त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. थायलंडने तर गावातलीच मुलगी निवडायची, जवळच शिकवायची आणि तिच्याच गावी नेमायची, अशी देशभर पद्धत पाडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींतही हेच पहिल्या काही मुद्द्यांत आहे. आणि आपल्याच कोकणात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने स्वतःचं नर्सिंग कॉलेज काढलं.

तू कॉलेज काढू शकणार नाहीस. पण आपलं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ दर वर्षी दोन मुली शिकवू शकतं. तू मंडळाला पत्र लिही, सभेत वाचून दाखवायचं काम माझं. खेड गल्लीतल्या खोलीत सभा भरते तेव्हा मी असतेच. देवळाच्या सभामंडपाच्या फरशीसाठी वर्गणी झाली, कमानीसाठी झाली, दोन्ही वेळा मी भरली. आता बारावी झालेल्या दोन मुलींच्या तीन वर्षांच्या फीसाठी मागायची आहे. त्या मुलींकडून कागदावर काही लिहून घ्यायचं नाही. सुट्टीत त्यांनी तुझ्याकडे येऊन काम शिकावं, तू त्यांना चहाला बसवावंस, एवढंच. त्यांतली एखादी जर्मनीला जाईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केल्यापासून नर्सिंगच्या मुली जर्मन शिकायला लागल्या आहेत. जाईल तर जाऊ दे, आशीर्वाद देऊन पाठव. एखादी राहील, आणि राहील ती वीस वर्षं राहील.

आता जे जाहिरातीत नाही ते सांगते. मागच्या वेळी तुझ्या ओपीडीत बसले होते तेव्हा एका मुलाला सलाईनची सुई लागेना. तू आईबापांसमोर सिस्टरवर ओरडलास. सुई लागत नव्हती कारण मूल सुकलं होतं, शिरा बसल्या होत्या. तुलाही ती तिसऱ्या टोचण्याला सापडली. आता त्या घरातलं कोणी तिचं ऐकणार नाही. गावात हे लवकर पसरतं. तिला काय सांगायचं ते आत नेऊन सांग. आणि नातेवाईक चिडले तर पुढे तू हो. २०१० पासून राज्यात वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे, त्यात नर्सही येते. त्याची पाटी दारावर लाव. दहाहून कमी माणसं कामाला असतील तर छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, तिचा पत्ताही सिस्टरांच्या खोलीत लाव. तुझ्याविरुद्धसुद्धा तक्रार करता आली पाहिजे, हे तू स्वतःच्या हाताने लिहून लावलंस तर मला अभिमान वाटेल.

आणि सिस्टरला शिकव. तुझ्याकडे जे काम आहे ते मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात तिला दहा वर्षांत मिळणार नाही. पावसाळ्यात फुरसं चावून आलेला माणूस, विंचू, लेप्टो, मध्यरात्रीची बाळंतपणं. मुंबईत ती एका वॉर्डात एकच काम करत राहते. महाडजवळच्या सरकारी दवाखान्यात बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचा उपचार जगाला दिला, तो अशाच ठिकाणी. सर्पदंशाच्या पेशंटच्या नोंदी सिस्टरला ठेवायला दे, तिच्या नावाने. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तिला प्रशिक्षणाचे तास लागतात, त्याला पगारी रजा देऊन पाठव. तिला सिस्टर म्हण, पण नावही माहीत असू दे. तुझ्या पत्रात तिघींचा उल्लेख 'पहिली', 'दुसरी', 'तिसरी' असा आहे.

माझ्या ओळखीच्या दोघी आहेत. एक लोअर परळच्या खासगी हॉस्पिटलात सात वर्षं रात्रपाळ्या करते, सासर आपल्या गावापासून बारा किलोमीटरवर, नवरा गाडी चालवतो. दुसरी तिची मैत्रीण, मुलगा तिसरीत. रविवारी दोघी माझ्याकडे आल्या होत्या. मी तुझं नाव सांगितलं, पगाराबद्दल काही बोलले नाही. दोघींनी तीन गोष्टी विचारल्या: रात्री पाळीला कोण कोण असतं, खोलीचा संडास आत आहे का, आणि मराठी शाळा किती लांब आहे. तिसऱ्याचं उत्तर मी दिलं. पहिल्या दोन्हींचं तुला विचारून सांगते म्हटलं.

तेव्हा सुताराला आणि गवंड्याला बोलाव. जाहिरात नव्याने लिहून पाठव, आणि सोबत त्या खोलीचा फोटो. दाराचा फोटो आतल्या बाजूने काढ, कडी नीट दिसली पाहिजे. दोघी पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहेत.

तुझी आत्या